पोराला घरी शिकवायचं ठरवलं तेव्हा: शाळेचा पट, पंचायत समिती आणि आमचं गाव

पोराचं पाचवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हाच ठरवलं होतं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. कारण २०२२ मध्ये आम्ही सुरुवात केली तेव्हा मी रात्री जेवणं झाली की मोबाईलवर शोधत बसायची, आणि घरी शिक्षण म्हणून जे काही सापडायचं ते सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांचं असायचं. सोसायटीत राहणाऱ्यांना कोणी विचारायला येत नाही. पण खेड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, स्वतः खुर्ची टाकून अंगणात बसला आणि शेजारच्या चार बाया भिंतीवरून पाहून राहिल्या तर काय बोलायचं, हे कुठंच सापडलं नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान खेड्यात राहतो. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या ऑफिसातली माणसं अजून तिथंच आहेत. चार एकर कोरडवाहू शेती, कापूस, तूर, थोडं सोयाबीन. माझं बीए झालंय आणि लग्नाआधी मी दोन वर्षं एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. मुलाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. आमच्याकडे विदर्भात हे नाव नवीन नाही, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की आई आणि बाप दोघंही एएस म्हणजे वाहक असले की असं पोर जन्माला येऊ शकतं. रक्ताच्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती अशी दुखते की पोरगं रात्र रात्र झोपत नाही. थंडी लागली, ऊन लागलं, ताप आला, पाणी कमी प्यालं की हे सुरू होतं.

आणि पाणी हाच आमचा सगळ्यात मोठा प्रश्न होता. शाळेच्या संडासात पाणी नसायचं, त्यामुळे पोरगं लघवी लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची, फक्त वरचे दोन घोट कमी. मी विचारलं तर म्हणायचा, तहान नाही लागली.

तो पहिलीत होता तेव्हा मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. सगळ्या जगावर संकट होतं पण आमच्या घरात त्या दोन वर्षांत पोराची तब्येत सुधारली, भरती करायची वेळ जवळपास आलीच नाही, आणि वाचायला तो घरीच शिकला. सकाळी दोन तास पुस्तक, मंग शेतात, मंग दुपारी झोप. १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले तेव्हा आम्ही त्याला पाठवलं. जानेवारीच्या थंडीत फरशीवर बसून बसून एक दिवस असं दुखणं उठलं की रात्रीच गाडी करून सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं, रक्त चढवलं, आठवडाभर तिथंच. डॉक्टरांनी शाळा सोडा असं म्हटलं नाही, ते खरं तेच लिहायला पाहिजे. त्यांनी एवढंच सांगितलं की पाणी भरपूर, थंडी टाळा, अति दमवू नका, गोळ्या चुकवू नका. घरी शिकवायचा निर्णय आमचा होता.

आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. २०२२ च्या त्या पहिल्याच आठवड्यात मी अर्ज घेऊन मुख्याध्यापक सरांकडे गेली. अर्जात लिहिलं होतं की मुलाला सिकलसेल आहे, नाव शाळेतच राहू द्यावं, शिकवणं आम्ही घरी करू, परीक्षा शाळेत देईल. सर चांगले माणूस आहेत, त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, मी रजिस्टरवर काय लिहू सांगा. हजर लिहिलं तर खोटं होते, आन् गैरहजर लिहिलं तर महिनाभरानं पोरगं शाळाबाह्य होते."

दुसरी गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली. आमच्या शाळेचा पट होता २०. आमचा मुलगा गेला की १९.

हे मला तेव्हा तितकं कळलं नव्हतं. घरी शिकवणं हा आपल्या घराचा प्रश्न आहे असं आपल्याला वाटते, पण लहान गावात शाळेचा पट हा सगळ्या गावाचा प्रश्न असतो.

जुलैमध्ये शासनाचं मिशन झिरो ड्रॉपआऊट निघालं, ५ ते २० जुलै २०२२. घरोघरी जाऊन शाळेत न जाणारी मुलं शोधायची होती. आमच्याकडे अंगणवाडीच्या ताई आल्या. त्यांनी पोराला लहानपणापासून पाहिलेलं, त्याच्या गोळ्यांच्या वेळाही त्यांना माहीत. मी म्हटलं, ताई, जे आहे ते लिहा, लपवू नका. त्यांनी कारणाच्या ठिकाणी आजारपण लिहिलं आणि बाजूला पेनानं "घरी नियमित अभ्यास सुरू" एवढं जास्तीचं लिहिलं. पुढं ही एक ओळ फार कामी आली. तुमच्याकडे असा सर्व्हे आला तर दार लावून घेऊ नका, पोराच्या वह्या समोर ठेवा आणि फॉर्मवर काय लिहिलं ते वाचून घ्या, जमलं तर मोबाईलनं फोटो काढा.

त्यानंतर केंद्रप्रमुख आले. त्यांनी वह्या पाह्यल्या नाहीत. "आरटीई कायद्यानं सहा ते चौदा वर्षांचं पोरगं शाळेत पाह्यजेच, नाई तं पालकावर गुन्हा दाखल होते," असं ते बोलले आणि निघून गेले. आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून पाठवून दे त्याले, आपल्याले कोर्टकचेरी परवडत नाई."

मी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑनलाईन सेंटरवर जाऊन अख्खा कायदा प्रिंट काढून आणला, पानाला दोन रुपये. तीन-चार रात्री वाचला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १० मध्ये पालकाचं कर्तव्य लिहिलंय की पाल्याला शाळेत दाखल करावं. पण पालकाला शिक्षा, दंड, तुरुंग यातलं काहीच त्या कायद्यात कुठंही नाही. कलम १६ मध्ये लिहिलंय की एकदा दाखल झालेल्या मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही, म्हणजे आजारपणात नाव कापायची भीती घालणं चूक. आणि २०१२ च्या दुरुस्तीत बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना घरी राहून शिकायचा पर्याय निवडता येतो असं स्पष्ट आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, सिकलसेलचे पेशंट असलेल्या घरांनाही नाही.

हे सगळं घेऊन पंचायत समितीत गेली. एसटीचं तिकीट, त्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि साहेब मीटिंगला जिल्ह्याला गेले असं तिथं गेल्यावर कळते. म्हणून निघायच्या आधी फोन करूनच निघा, आणि सोमवारी किंवा बाजाराच्या दिवशी जाऊ नका. गटशिक्षणाधिकारी साहेब भेटले तेव्हा त्यांनी कागद हातात घेतले नाहीत. म्हणाले, "असं काही नसते, शाळेत पाठवा." मी म्हटलं, साहेब, मंग हेच दोन ओळीत लेखी द्या. तेही नाही. आवक-जावक टेबलावर अर्ज दिला तर तिथला माणूस म्हणे, साहेबांची सही आणा मंग घेतो.

इथं मला आमच्या गावातल्या एका रिटायर्ड तलाठ्यांनी मदत केली. ते म्हणाले, "बाई, टेबलावर भांडू नको. पोस्टानं रजिस्टर एडी कर, पोचपावती घरी येते." तसंच केलं. आणि त्यांनीच माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागितलं एवढंच की आजारी मुलाला घरी शिकवणाऱ्या पालकावर गुन्हा दाखल करण्याबाबत काही शासन निर्णय किंवा परिपत्रक असेल तर त्याची प्रत द्या. उत्तर द्यायला कायद्यानं ३० दिवस असतात, ते संपता संपता कागद आला: अशा आशयाचे परिपत्रक या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही. तो कागद पाहून आमचे हे बऱ्याच दिवसांनी मोकळे बोलले.

पण खरी कसोटी ऑफिसात नव्हती, गावात होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बातम्या सुरू झाल्या की शासन २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवून राहिलं, त्या बंद होतील. गावात एकच चर्चा. बोअरवर पाणी भरताना एक काकू सरळ तोंडावर म्हणाल्या, "तुया एका पोरापायी आमच्या लेकरायची शाळा जाईन." आणि त्यांची भीती खोटी नव्हती. शाळा गेली असती तर त्यांच्या सात वर्षांच्या नातीला नाला ओलांडून दुसऱ्या गावी पायी जावं लागलं असतं, पावसाळ्यात तो नाला दोन-दोन दिवस उतरत नाही. मला राग आला, रडायलाही आलं, पण मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. आपल्या लेकरासाठी मी जे करत होती तेच त्या करत होत्या.

म्हणून मी सरांना म्हटलं की शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावा, मला बोलू द्या. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत असं कायद्यातच आहे, पण आमच्याकडे तोपर्यंत रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घ्यायचे. त्या दिवशी सगळे बसले. मी सांगितलं की आम्ही टीसी काढत नाही. नाव शाळेतच राहील, पट २० राहील. ज्या दिवशी तब्येत बरी आणि हवा बरी त्या दिवशी तो दोन तास शाळेत येईल, बाकी घरी. दर महिन्याला सरांनी त्याची तोंडी आणि लेखी चाचणी घ्यावी. आणि ज्या पोरांना वाचन जमत नाही त्यांना मी संध्याकाळी आमच्या ओसरीत घेऊन बसीन, पैसे नाही.

एक-दोघं कुरकुरले, रोज हजेरी नाही तर कसं चालेल म्हणून. तेव्हा अंगणवाडीच्या ताई उठल्या. त्या समितीत नव्हत्या, मागं दाराशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "जानेवारीत त्या पोराले गाडीत टाकून नेताना म्या पाह्यलं. त्याले काही झालं असतं तं पट कोणाले दाखवला असता?"

ठराव पास झाला. सरांनी तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि एक नक्कल मला दिली. संडासात पाणी यायला पाहिजे हा ठरावही त्याच सभेत झाला आणि दिवाळीनंतर ग्रामपंचायतीनं टाकी बसवून दिली, ते सगळ्याच पोरांच्या फायद्याचं झालं.

डिसेंबरात जुन्या साहेबांची बदली झाली आणि नवीन मॅडम आल्या. मी तीच फाईल घेऊन गेली. त्यांनी बसायला सांगितलं, सगळे कागद उलटवून पाह्यले, समितीचा ठराव दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला की आत्ता त्याची तब्येत कशी आहे. मंग गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रातल्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षकांना बोलावून म्हणाल्या, महिन्यातून दोनदा यांच्या घरी जात जा. कायदा तोच होता, माझे कागद तेच होते. जुलैपासून जे होत नव्हतं ते पाऊण तासात झालं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की एका अधिकाऱ्यानं नाही म्हटलं म्हणजे शासनानं नाही म्हटलं असं समजू नका. तीव्र दिव्यांग मुलं सोडली तर घरी शिकवण्याबद्दल कायदा स्पष्ट बोलत नाही, त्यामुळे खुर्चीवरचं माणूस जसं असेल तसा नियम तुमच्या वाट्याला येतो. हे बरोबर नाही, हे लेखी असायला पाहिजे, जिल्ह्या-जिल्ह्यात एकसारखं असायला पाहिजे.

विशेष शिक्षक पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या शेतात वेचणी सुरू होती. पोरगं बांधावर बाभळीच्या सावलीत वही घेऊन बसलेलं, पाण्याची बाटली बाजूला. बाया गाठोडं आणून काट्याला लावत आणि तो वजन लिहून हिशोब करत होता, किलोला ८ रुपये. एका काकूंचं साडेतेवीस किलो भरलं. त्या म्हणाल्या, "एकशे नव्वद झाले नं रे बाबू?" त्यानं वही त्यांच्यासमोर धरली, तेवीस आठे एकशे चौऱ्यायशी, अर्ध्या किलोचे चार, एकशे अठ्ठ्यायशी. काकूंनी बोटांवर मोजून पाह्यलं आणि मान हलवली. सर उभ्या उभ्या ते पाहत होते. त्यांनी त्याच वहीचा फोटो काढला आणि मूल्यमापनाच्या नोंदीत अपूर्णांकाचा गुणाकार आणि व्यवहार म्हणून लिहिलं. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली होती, हातानं काम करता करता शिकायचं, ती नई तालीम तिथूनच निघाली. आमच्या जिल्ह्यात तरी शेतात बसून शिकणाऱ्या पोराला कोणी शाळाबाह्य म्हणू नये असं मला मनापासून वाटते.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम मात्र खूप लांबलं. ऑनलाईन फॉर्म भरायचा, मंग जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात ठरलेल्या वारीच तपासणी, पहाटेपासून नंबर. रक्ताचा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट (सिकलसेल एएस की एसएस ते सांगणारी तपासणी) आणि भरती झाल्याची सगळी डिस्चार्ज कार्डं लागतात, ती जपून ठेवा, पाण्यात भिजू देऊ नका, दोन-दोन झेरॉक्स काढा. सिकलसेलच्या पेशंटला साध्या एसटीत प्रवास मोफत आहे, पण कंडक्टरला कार्ड दाखवावं लागते. मला पूर्ण तिकीट लागायचं, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं झालं तेव्हा बराच हलका झाला खर्च.

२०२३ मध्ये चौथी झाली. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागते. तिथं माझ्या पोराला कोण ओळखणार, तिथल्या सरांना पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, म्हणून आम्ही महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा रस्ता धरला. इथं पाचवीसाठी वयाची १० वर्षं पूर्ण पाहिजेत, आठवीसाठी १३. त्याचे ऑगस्टमध्ये १० झाले. फॉर्म ऑनलाईन, मंग कागद संपर्क केंद्रावर नेऊन द्यायचे: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जन्माचा दाखला, आधार, फोटो, दिव्यांग प्रमाणपत्र. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आधी बघा. आमच्याकडे आधारवर आडनावात एक वेलांटी चुकलेली निघाली, ती दुरुस्त करण्यात आणि शपथपत्रात, स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी धरून साडेतीनशे रुपये आणि बरेच दिवस गेले. नॅशनल ओपन स्कूलचंही बघून ठेवा, त्यांच्याकडे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत आणि दहावीला वय १४ लागते.

टीसी काढायच्या दिवशी मला धाकधूक होती की गाव पुन्हा काय म्हणेल. पण आमच्या पोराची तर चौथीच झाली होती, आणि त्या वर्षी पहिलीत तीन नवीन लेकरं आली होती. पट टिकला. दाखला देताना सरांनी शेऱ्यात "प्रगती समाधानकारक, पुढील शिक्षणासाठी" लिहिलं. हा शेरा नीट वाचूनच दाखला घ्या. गैरहजेरीमुळे नाव कमी केलं असं लिहून आलं तर पुढं प्रत्येक टेबलावर त्याचं उत्तर द्यावं लागते.

पेपरच्या दिवसांत गावानं जे केलं ते मी विसरणार नाही. बोअरवर मला बोलल्या होत्या त्याच काकूंचा मुलगा रोज सकाळी स्वतःच्या मोटरसायकलवर आम्हाला फाट्यापर्यंत सोडून द्यायचा, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. एका पेपरच्या आदल्या रात्री पोराचे पाय दुखायला लागले तेव्हा आशाताई घरी येऊन बसल्या, शेक दिला, पाणी पाजत राहिल्या, आणि सकाळी तो गेला. केंद्रावर प्रमाणपत्र दाखवल्यावर जादा वेळ मिळाला.

आता तो सहावी-सातवीची पुस्तकं घरीच करतो, ओसरीतला संध्याकाळचा वर्ग सुरू आहे आणि त्यात गणित आता तोच शिकवतो. आठवीचा फॉर्म ऑगस्ट २०२६ नंतर भरता येईल, त्याला १३ पूर्ण होतील तेव्हा. पुढं दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसवायचं की ओपन स्कूल, ते अजून ठरवलं नाही. शेजारच्या गावातल्या एका बाईची मुलगीही एसएस आहे, ती मागच्या आठवड्यात येऊन माझी फाईल घेऊन गेली, समितीचा ठराव कसा लिहायचा ते पाहायला. कोणाला पाहिजे असेल तर त्या ठरावाचा आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर मी टाईप करून ठेवला आहे, मागा, पाठवते.